बी म्हणजे बाप नव्हे

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की गावात एक बोल ठरलेला असतो: बी चांगलं असून काय उपयोग, जमीनच पडीक निघाली. बोलणाऱ्याच्या मनात फारसा विचार नसतो, पण एक जुने चित्र पक्के बसलेले असते. पुरुष पेरणारा, बी त्याच्याकडे. बाई म्हणजे शेत, तिने फक्त उगवून द्यायचे. स्मृतिग्रंथांतही ‘बीज’ आणि ‘क्षेत्र’ हे शब्द याच अर्थाने येतात. नियोगाने पत्नीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला तर ‘क्षेत्रज’ असे नावच होते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यासारख्या सोयाबीन, कपाशी आणि तुरीवर जगणाऱ्या भागात ही उपमा चटकन पटते, कारण ती रोजच्या कामातून आलेली वाटते. प्रत्यक्षात शेतीच ती खोटी ठरवते. बी म्हणजे बाप नव्हे. बी हे आईबापांचे तयार झालेले मूल आहे. आईच्या अंगावर वाढलेले, शिदोरी बांधून घराबाहेर पडलेले. जमीन ही त्याची आई नसते. ती त्याला मिळालेले घर असते. झाडाचा ‘बाप’ बियाण्याच्या पिशवीत शोधून सापडायचा नाही. तो फुलाच्या परागात असतो.

हे ज्यांना सर्वांत नेमके कळते त्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बाया. लोणारच्या शेजारी सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि पलीकडे जालना हा सगळा पट्टा संकरित बियाण्यांच्या उत्पादनासाठी ओळखला जातो. या कामाला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. कपाशीच्या प्लॉटमध्ये नर झाडांच्या ओळी वेगळ्या आणि मादी झाडांच्या वेगळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी मादी ओळीतील कळी आदल्या दुपारी-संध्याकाळी हेरायची, नखाने तिचे परागकोश अलगद काढून टाकायचे आणि खूण करून ठेवायची. सकाळी नर झाडाचे फूल आणून त्याचे पराग त्या कळीच्या कुक्षीवर फिरवायचे. पुढे बोंड धरते ते मादी झाडावर, सरकी निघते ती मादी झाडावर. पण तिच्यात गुण दोघांचे. एका बाजूचे पराग खराब निघाले, तर दोष मादी झाडाला द्यायचा, असे तिथे कोणी म्हणत नाही. नर ओळ तपासतात. शेतात पाळला जाणारा हा साधा न्याय घरात शिरताना उंबऱ्यावरच का अडतो, हा खरा प्रश्न आहे. आणि गेल्या वीस वर्षांत वनस्पतींच्या शुक्रपेशींविषयी जे कळले आहे, त्याने तो अधिक टोकदार केला आहे.

परागकण कुक्षीवर पडला की त्यातून एक बारीक नळी फुटते आणि ती खाली अंडाशयापर्यंत वाढत जाते. या परागनलिकेतून दोन शुक्रपेशी प्रवास करतात. माणसाच्या शुक्राणूला शेपूट असते, तो पोहतो. सपुष्प वनस्पतींच्या शुक्रपेशीला शेपूट नाही, तिला नळीच वाहून नेते. एक शुक्रपेशी अंडपेशीशी एकरूप होते आणि त्यातून गर्भ तयार होतो. दुसरी शेजारच्या मध्यपेशीला मिळते आणि त्यातून गर्भाला पोसणारा भ्रूणपोष बनतो. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत दाखवून दिले.

ज्वारी, गहू, तांदूळ यांच्या दाण्याचा मोठा भाग म्हणजे हा भ्रूणपोष. ताटातली भाकरी ही खरे तर दुसऱ्या शुक्रपेशीच्या लग्नाची पंगत आहे. भ्रूणपोषात गुणसूत्रांचे दोन वाटे आईचे आणि एक बापाचा असतो. मक्याच्या पांढऱ्या वाणाच्या शेजारी पिवळा वाण लावला, तर पांढऱ्या कणसात त्याच हंगामात मधूनच पिवळे दाणे दिसतात. झाड आईचे, कणीस आईचे, आणि दाण्याच्या पोटात बापाचा रंग.

इतके शंभर वर्षांपूर्वीच माहीत होते. तरी बापाकडून येणाऱ्या पेशीविषयी एक समज कायम राहिला. शुक्रपेशी अगदी लहान, तिच्यातला डीएनए घट्ट गुंडाळलेला. त्यामुळे ती म्हणजे लाखेची मोहोर लावलेले पाकीट, आत निम्मा वारसा, पण स्वतः मुकी, असे मानले जाई. जनुक असणे आणि जनुक चालू असणे यात फरक आहे. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. पण डोळ्यात डोळ्याची आणि यकृतात यकृताची चालू असतात. चालू जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. शुक्रपेशीत अशी फारशी अभिव्यक्ती नसणार, असा अंदाज होता.

तो चुकला. मक्याच्या शुक्रपेशी वेगळ्या काढून २००३ मध्ये त्यांतील आरएनए तपासले गेले, पुढे २००८ मध्ये मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्याचे. दोन्हींत हजारो जनुकांच्या नकला सापडल्या. पाकीट मुके नव्हते.

त्यातील काही जनुके फलनासाठीच लागतात. जपानमधील शास्त्रज्ञांना २००६ मध्ये लिलीच्या नर पेशींत एक प्रथिन सापडले. ते नसेल तर शुक्रपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचते, पण एकरूप होऊ शकत नाही. दोन वर्षांनी असे दिसले की हिवतापाच्या परजीवीलाही डासाच्या पोटात नर-मादी एकत्र येण्यासाठी हेच प्रथिन लागते. फुलातल्या या शोधामुळे हिवतापाचा प्रसार रोखणाऱ्या लशीच्या संशोधनाला एक नवे लक्ष्य मिळाले. फुलांचा अभ्यास कशाला, असे विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर पुरेसे आहे.

पण अधिक विचार करायला लावणारी जनुके ती, ज्यांचे काम फलनानंतर सुरू होते. ॲराबिडॉप्सिसमध्ये ‘शॉर्ट सस्पेन्सर’ नावाचे जनुक आहे. २००९ मध्ये दिसून आले, की त्याची नक्कल शुक्रपेशीत तयार होते, पण तिच्यापासून प्रथिन तिथे बनत नाही. ती नक्कल शुक्रपेशीबरोबर अंडपेशीत जाते आणि तिथे गेल्यावर तिचे प्रथिन होते. बापाने चिठ्ठी लिहायची, पण ती वाचली जाणार आईच्या घरी. त्या चिठ्ठीतला निरोप असा, की पहिली पेशी लांबव आणि गर्भाला आधार देऊन अन्न पोहोचवणारा दांडा तयार कर. चिठ्ठी आली नाही तर तो नाळेसारखा दांडा आखूड राहतो. आईने बाळाला पोसायची जी व्यवस्था उभारायची, तिची एक सूचना बापाच्या पेशीतून येते.

भातामध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात इम्तियाज खांडे आणि वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ‘बेबी बूम १’ या जनुकाचा माग काढला. ते शुक्रपेशीत चालू असते. फलन झाल्यानंतर नव्या पेशीत सुरुवातीला त्याची बापाकडून आलेली प्रतच चालते. थोड्या वेळाने आईची प्रतही जागी होते. हे जनुक आणि त्याची दोन भावंडे बंद पाडली, तर भाताचा गर्भ मध्येच थांबतो आणि दाणा वाया जातो. मात्र ‘बेबी बूम १’ची एक चांगली प्रत परागातून आली, तर गर्भ व्यवस्थित वाढतो. अंडपेशी सगळी सामग्री घेऊन तयार असते, पण फलनाशिवाय ती वाढायला लागत नाही. का लागत नाही, या जुन्या कोड्याचे एक उत्तर इथे मिळाले: चूल मांडलेली आहे, काडी बापाकडून येते.

संशोधकांनी मग उलटा प्रयोग केला. हेच जनुक अंडपेशीत आधीच चालू केले. अंडपेशीने फलनाची वाट न पाहता गर्भ धरला. त्याला गुणसूत्रांची वाटणी थांबवणाऱ्या बदलाची जोड दिल्यावर हुबेहूब आईसारखी रोपे देणारे बी मिळाले. २०२२ मध्ये संकरित भातात अशा बियांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर नेण्यात यश आले. संकरित वाणाचे बी घरी ठेवून पेरले, तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. म्हणून कपाशीचे पाकीट दर जूनमध्ये नव्याने घ्यावे लागते. हे तंत्र कधी कपाशीपर्यंत आले, तर त्या खर्चाचा हिशेबच बदलेल. तूर्त ते कपाशीपर्यंत आलेले नाही. आणि त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी: गर्भ बापावाचून बनला, तरी दाणा भरायला दुसऱ्या शुक्रपेशीचे फलन लागतेच. बापाला पूर्ण रजा मिळालेली नाही.

याचा अर्थ आई गौण, असा मुळीच नाही. नव्या पेशीतील बहुतेक सामग्री, सुरुवातीचे बहुतेक संदेश, ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका हे सर्व अंडपेशीचे असते. सांगायचे ते एवढेच, की नवा जीव उभा राहण्यात एकाने पेरायचे आणि दुसरीने फक्त उगवायचे, अशी विभागणी निसर्गात नाही. दोन्ही पेशी काही आणतात, आणि एकीने आणलेले दुसरीला पुरते असेही नाही.

माणसाची कथा वनस्पतींच्या कथेची नक्कल नाही. उत्क्रांतीत दोन्ही वाटा फार पूर्वी वेगळ्या झाल्या. तरीही तत्त्व ओळखीचे आहे. मानवी शुक्राणू स्त्रीबीजात शिरतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक विशिष्ट प्रथिन जाते. त्यामुळे स्त्रीबीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि ते ‘जागे’ होते. हे प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले. काही पुरुषांत ते नसते किंवा सदोष असते. अशा वेळी प्रयोगशाळेत सुईने शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडला, तरी फलन होत नाही. स्त्रीबीज निरोगी, गर्भाशय निरोगी, सगळे उपचार तिच्यावर, आणि न आलेला निरोप दुसरीकडचा.

दुसरे उदाहरण प्रसूतिगृहात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. द्राक्षगर्भात पोट महिन्यांच्या मानाने मोठे दिसते, उलट्या फार होतात, रक्तस्राव होतो. सोनोग्राफीत बाळाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखी वार दिसते. पूर्ण द्राक्षगर्भात केंद्रक हरवलेल्या स्त्रीबीजात शुक्राणू शिरलेला असतो आणि सगळी गुणसूत्रे बापाकडचीच असतात. १९८४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांतही हाच धडा मिळाला. केवळ बापाच्या वारशावर वाढवलेल्या गर्भात वारेसारख्या भागाची वाढ बरी झाली, गर्भ मात्र खुरटला; केवळ आईच्या वारशावर नेमके उलट. काही जनुकांवर आई किंवा बाप अशी खूण लागून येते आणि त्या खुणेप्रमाणेच ती चालतात. ही खूण मक्याच्या दाण्यात १९७० मध्येच दिसली होती. म्हणजे ‘सगळे बी बापाचे’ ही कल्पना निसर्गाने खरोखर करून पाहिली, तर हाती मूल येत नाही, द्राक्षगर्भ येतो. तो कोणाच्या पापाचे फळ नसतो. वेळेवर पिशवी रिकामी करणे आणि नंतर काही महिने रक्ततपासणी करत राहणे, हा त्याचा उपचार असतो.

ही माहिती दवाखान्याच्या दारापर्यंत आलेली नाही, असे म्हणावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा जोडीने असते. तरी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येते ती सून, बरोबर सासू किंवा नणंद. नवरा ‘शेतात आहे’ असतो. तिची रक्ततपासणी होते, सोनोग्राफी होते, कधी पिशवी साफ करून होते, कधी दुर्बिणीतून नळ्या पाहून होतात. दरम्यान देवाचे नवस, मांत्रिकाचे अंगारे आणि दुसऱ्या लग्नाची कुजबुजही होऊन जाते. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी मात्र शेवटी येते, तीही तो तयार झाला तर.

हा क्रम उलटा व्हायला हवा. वीर्यतपासणीत ना सुई आहे, ना भूल, ना टाका. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढेच. स्त्रीवर एखादी शस्त्रक्रिया सुचवण्यापूर्वी हा अहवाल हातात असलाच पाहिजे. एक नमुना कमी निघाला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आजचा नमुना तेव्हाच्या प्रकृतीची साक्ष देतो. मधे जोराचा ताप येऊन गेला असेल, तर आकडे तात्पुरते घसरू शकतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते. तंबाखू, दारू, अंडकोशाजवळ फुगलेल्या रक्तवाहिन्या, तालमीत शरीर कमावण्यासाठी घेतलेली हार्मोनची इंजेक्शने अशी कितीतरी कारणे वेळेवर कळली, तर त्यांवर उपाय करता येतो. आणि अहवाल चांगला आला, तरी फलनानंतरचे बापाचे सगळे काम त्यात दिसत नाही, हेही सांगायला हवे. संख्या आणि हालचाल मोजता येते. चिठ्ठीत काय लिहिले आहे, ते त्या तपासणीत वाचता येत नाही.

लोणारकरांना हे वेगळ्या प्रसंगातून समजावता येईल. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले, तेव्हा तर्कांना ऊत आला होता. अखेर पाण्याचे नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले आणि चर्चेला पूर्णविराम मिळाला. सरोवराविषयी जो गाव नमुना तपासेपर्यंत थांबतो, त्याने सुनेविषयीही थांबायला हरकत नसावी.

बी आणि शेताच्या उपमेचा दुसरा वार मुलींवर होतो. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते, हे विज्ञानाला १९०५ पासून ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकातही आहे. तरी मुलगी झाली की दोष ‘जमिनी’चा. हीच विचारसरणी पुढे गर्भलिंगनिदानापर्यंत पोहोचली आणि १९९४ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, आणि बुलढाणा जिल्हा त्या सरासरीच्याही खाली होता. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला हे शोभणारे नाही.

याच राज्यात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून नलिका-बालिकेचा जन्म झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९६२ मध्ये, दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या गटाने अफूच्या फुलाचे बीजांड आणि पराग काचनळीत एकत्र आणून बी तयार करून दाखवले होते. त्या नळीत माती नव्हती, तरी बी झाले. दोन पेशी मात्र लागल्या.

तेव्हा करायचे ते फार अवघड नाही. आशाताईंनी जोडप्याला बोलवावे, एकट्या बाईला नव्हे. केसपेपरवर नवऱ्याचे नाव आणि त्याच्या तपासणीची तारीख पहिल्याच भेटीत लिहिली जावी. डॉक्टरने नवऱ्याशी समोरासमोर बसून, न लाजवता बोलावे. पुरुषाची तपासणी म्हणजे पुरुषार्थाची परीक्षा नव्हे, हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते. आणि घरातल्या मोठ्यांनी ‘जमीन पडीक’ हा शब्दप्रयोग जमिनीपुरताच ठेवावा. क्रॉसिंगच्या प्लॉटवर बोंड धरले नाही, तर नर ओळीकडे पाहिले जाते. सुनेच्या वाट्याला निदान तेवढा न्याय यावा.